मोजपट्टी

रोज सकाळी सातला मी परसात जाते,
पट्टीवरचा आकडा वाचते,
आत येऊन हवामानखात्याला फोनवर कळवते.
एकोणीस वर्षं. त्याआधी आई करायची.
काम सोपं आहे : बर्फ पडतो, थांबतो, आपण मोजतो.

या आठवड्यात तो पडलाच नाही.
आडवा गेला.
बारेंट्सच्या समुद्राकडून आला, स्कार्नेसमधून धावला,
कुणाच्याही दारात न टेकता डोंगरात शिरला,
आणि तिथूनच उलटा फिरला
वारा प्यायलेल्या वासरासारखा.
सोमवारी चर्चच्या पायऱ्यांवर उघडा दगड
आणि ओडनीच्या खिडकीला पागोळीपर्यंत पांढरी भिंत.
आता सांगा, किती पडला?

मंगळवारी घाटातला रस्ता बंद झाला.
बर्फ ओढणारा आस्लाक अर्ध्यातून मागे फिरला,
म्हणाला, दिवे लावून मला माझंच बॉनेट दिसेना.
दुकानात यीस्ट संपलं, मग दूध, मग बॅटऱ्या.
अननसाचे डबे तेवढे उरले,
ते आम्ही सगळ्यांनी घेतले, उगाच.

बुधवार. वीज गेली, आली, गेली.
दारापासून लाकडांच्या खोपटापर्यंत मी दोर बांधला
आणि चाचपडत गेले.
चाळीस पावलांची वाट, तेवढ्यात दोनदा वाटलं
की दोराचं दुसरं टोक
कशालाच बांधलेलं नाही.

शेजारी रांगवाल्ड राहतो.
कुंपणावरून आमचा अबोला, सहावं वर्ष.
खांब हातभर माझ्या बाजूला रोवलेत असं मी म्हणते,
तो काहीच म्हणत नाही, तेच त्याचं म्हणणं.
आता ते गुडघाभर कुंपण दोघांनाही दिसत नव्हतं.
रात्री त्याच्या स्वयंपाकघरात मेणबत्ती असायची.
मी बघायची नाही.
आहे, एवढंच बघायची.

एक गोष्ट मात्र खटकत होती.
वाऱ्याने छपराचा पत्रा नेला,
हियोर्डिसची घसरगाडी नेली, टपालपेटी नेली,
शाळेपुढचा झेंड्याचा खांब वाकवला,
आणि माझी पट्टी सकाळी सातला
सुतासारखी सरळ.
टॉर्चच्या वर्तुळात ती एवढीच दिसायची, भोवती काही नाही.
एकसष्ट. चौऱ्याहत्तर. अठ्ठ्याऐंशी.
मी आकडे कळवत गेले.
फोनवरची मुलगी दक्षिणेतली, नवीन,
म्हणाली, तुमच्याकडे बराच दिसतोय.

शुक्रवारचं, सातचा फोन सोडला तर,
काही आठवत नाही.

रविवारी पहाटे
कानांना काहीतरी झालंय असं वाटून उठले.
वारा नव्हता.
घर इतकं गप्प की घड्याळ उद्धट वाटलं.
दार ढकललं, आधी हाताने, मग खांद्याने.
बाहेर निळसर उजेड, आणि पांघरुणाखाली गाव,
डोकं कुठलं पाय कुठले कळू नये असं.

पाऊलखुणा होत्या.
मोठ्या बुटांच्या, डावा पाय किंचित ओढणाऱ्या,
त्याच्या दारातून निघून माझ्या पट्टीपर्यंत
आणि तशाच परत.
मधे एक लांबट खळगा. पडला असावा.
रोज रात्री वारा त्या पुसून टाकत होता.
आज पुसायला कुणी नव्हतं.

मग मी पट्टी नीट पाहिली.
जागेवर नव्हती. चांगली तीन हात सरकलेली,
जिथे कुंपणाला अडून ढीग साचतो तिथे,
खोल ठोकलेली, जाळ्याच्या दोरीने तिन्हीकडून ताणलेली,
कोळ्याची गाठ, ओढाल तेवढी घट्ट.
म्हणजे सगळे आकडे चुकीचे.
एकसष्टचे तीस असतील. अठ्ठ्याऐंशीचं कोण जाणे.
आणि पट्टी त्याच्या बाजूला की माझ्या,
ते खणल्याशिवाय कळणार नाही.

सात वाजले. मुलीने विचारलं, आज किती?
मी म्हटलं, एक्याण्णव.
आधीच्यांत काही दुरुस्ती?
खिडकीतून रांगवाल्ड दिसला, फावडं घेऊन,
स्वतःचं दार सोडून
भलतीकडेच खणत होता.
नाही, म्हटलं.
वारा थांबलाय, तेवढं लिहा.